मेंदूची परीक्षा रुग्णाच्या भाषेत हवी

मेंदूच्या विकारांचे निदान आता यंत्रांच्या साहाय्याने होते; मग रुग्णापुढे बसून प्रश्न विचारणाऱ्या तज्ज्ञाची आवश्यकता काय, अशी शंका पुष्कळदा घेतली जाते. यंत्राने घेतलेले चित्र मेंदूतील गाठ अथवा रक्तस्राव दाखविते, हे खरे. परंतु त्या इजेमुळे रुग्णाची स्मृती, अवधान, भाषा वा निर्णयशक्ती यांपैकी काय गेले आणि काय उरले, हे चित्रावरून पुरते कळत नाही. ते शोधून काढणे हे चिकित्सालयीन तंत्रिका-मानसशास्त्रज्ञाचे, म्हणजे क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्टचे, कार्य होय.

उरलेल्या शक्तीचा शोध किती मोलाचा असतो, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून ध्यानात येईल. १९५३ साली अमेरिकेतील हेन्री मोलेसन याच्या मेंदूचा काही भाग अपस्मारावरील उपाय म्हणून काढण्यात आला. त्यानंतर नवे अनुभव त्याच्या स्मरणात राहीनासे झाले. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास दिली. आपण पूर्वी हे केले आहे, हे त्याला आठवत नसे. तथापि त्याचा हात मात्र सरावाने सुधारत गेला. स्मृती एकजिनसी नाही, हे अशा परीक्षेनेच सिद्ध झाले. अर्धांगवायू वा डोक्याच्या इजेनंतर रुग्णाला पुन्हा उभे करावयाचे, तर असल्या उरलेल्या शक्तींवरच भिस्त ठेवावी लागते.

या कार्यासाठी मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण, मेंदूची रचना व विकार यांचे ज्ञान आणि रुग्णालयातील देखरेखीखालचा अनुभव ही तीनही आवश्यक असतात. आपल्या देशात भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांनी या प्रशिक्षणाचा पाया घातला आहे. हे सर्व स्वागतार्ह असले, तरी त्यात भाषेचा विचार मध्यवर्ती असावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परकीय चाचणीचे भाषांतर केले की काम भागले, असा समज आढळतो. शास्त्रीय लेखनाच्या भाषांतरातच आयुष्य घालविणाऱ्यालाही तो मान्य करता येत नाही. एका इंग्रजी चाचणीत ठराविक अक्षराने आरंभ होणारे शब्द एका मिनिटात सांगावयाचे असतात. मराठीत ‘क’ हे अक्षर दिले, तर ‘किल्ली’ आणि ‘कुलूप’ हे शब्द धरावयाचे की नाही? आणि ज्याला अक्षरओळखच नाही, त्याने काय करावे? दुसऱ्या एका चाचणीत लेखन व उच्चार यांचा मेळ नसलेले इंग्रजी शब्द वाचावयास देऊन रुग्णाची आजारापूर्वीची बौद्धिक पातळी अजमावतात. देवनागरीत बहुतांश शब्द लिहिल्याप्रमाणेच उच्चारले जातात. तेथे ही कसोटी मुळातच निरर्थक ठरते.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. शाळेचे तोंड न पाहिलेली, पण बाजारात चोख हिशेब करणारी वृद्धा कागद-पेन्सिलीच्या परीक्षेत अपयशी ठरते आणि तिच्यावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो. उलट, सुशिक्षिताची खरी घसरण चांगल्या गुणांआड लपून राहते. दुभाषा नेमूनही हे साधत नाही. रुग्ण कोणत्या शब्दापाशी अडला, कोणता शब्द चुकीचा वापरला, यांतच निदानाची खूण असते. दुभाषा तर सद्भावनेने वाक्य नीट करूनच सांगतो!

हे कार्य अशक्य आहे, असे नव्हे. हरियाणातील बल्लभगढ परिसरात निरक्षर वृद्धांसाठी हिंदी मानसिक स्थिती परीक्षा घडविण्यात आली. तीत वाक्य लिहिण्याऐवजी ते तोंडी सांगण्याची सोय होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मलयाळम या पाच भाषांत चाचणीसंच सिद्ध केला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या पाचांत मराठी नव्हती, ही गोष्ट मराठी विद्यापीठांनी मनावर घ्यावी.

प्रत्येक भाषेत, साक्षर व निरक्षर, ग्रामीण व नागर अशा निरोगी व्यक्तींवर चाचण्यांची प्रमाणे ठरविली पाहिजेत. त्या कामी भाषाशास्त्रज्ञाला आरंभापासून सोबत घ्यावे, आणि विद्यार्थ्याने किमान एका भारतीय भाषेत परीक्षा घेण्याचे कौशल्य सिद्ध केल्यावाचून त्याचे प्रशिक्षण पूर्ण समजू नये. मेंदू सर्वत्र सारखाच असेल. पण त्याची ओळख पटते ती रुग्णाच्या बोलण्यातूनच.