फोन टॅपिंगचं यूएटी कोण करतं?

मंडळी, फोन टॅपिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अंधारी खोली, कानाला हेडफोन लावून बसलेला एक माणूस, टेबलावर थंड झालेला चहा... सगळं सिनेमातलं! प्रत्यक्षात हे काम आपल्या रोजच्या कामाइतकंच रटाळ असतं. टेंडर निघतं, कंपन्या बोली लावतात, मग इंटिग्रेशन, यूएटी, एएमसी वगैरे वगैरे. एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लॉफुल इंटरसेप्शन' नावाचं एक मॉड्यूल असतं. ते लिहिणारे, बसवणारे आणि रात्री दोन वाजता त्याचा सपोर्ट कॉल घेणारे आपल्यासारखेच इंजिनियर असतात.

टॅपिंग असावं की नसावं हा आजचा विषय नाही. माझ्या मते असावं. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला चालू होता, तेव्हा अतिरेक्यांचे पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेले फोन आपल्या यंत्रणांनी ऐकले आणि तेच पुढे कोर्टात पुरावा म्हणून आले. तेव्हा 'सरकारने कुणाचाही फोन कधीच ऐकू नये' असं म्हणणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. आपण सगळे टॅपिंगच्या कायद्यावर वाद घालतो, पण कायदा पाळला जाणार की नाही हे बऱ्याच अंशी कंत्राटात ठरतं. रिक्वायरमेंटमध्ये जे लिहिलंय ते बनतं. जे लिहिलेलं नाही, किंवा 'ऑप्शनल' म्हणून लिहिलंय, ते बनत नाही. हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ग्रीसचं उदाहरण घ्या. अथेन्समध्ये २००४ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिक झालं. त्याच सुमारास व्होडाफोन ग्रीसच्या नेटवर्कवरचे शंभराहून जास्त फोन कुणीतरी चोरून ऐकायला लागलं. त्यात खुद्द पंतप्रधान कोस्तास करामनलिस यांचाही फोन होता! चोरांनी स्वतःची टॅपिंग यंत्रणा बनवलीच नाही. एरिक्सनच्या एक्सचेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगचं मॉड्यूल आधीच येऊन बसलेलं होतं, त्यांनी तेच वापरलं. आता खरी गोम बघा. या यंत्रणेचे भाग दोन. एक, प्रत्यक्ष टॅपिंग करणारा. दुसरा, कोणत्या आदेशावरून कोणता नंबर लावला याची नोंद ठेवणारा. पहिला भाग २००३ च्या अपग्रेडबरोबर आला. दुसरा तेव्हा बसवलेलाच नव्हता. म्हणजे फोन ऐकायची सोय होती, पण ऐकणाऱ्याची नोंद ठेवायची सोय नव्हती. ताडून बघायला दुसरी यादीच नाही, तर पहिल्या यादीतला चोर दिसणार कसा?

पकडलं गेलं तेही योगायोगाने. जानेवारी २००५ मध्ये चोरांनी आपलं सॉफ्टवेअर अपडेट केलं, त्यात काहीतरी बिघडलं आणि लोकांचे एसएमएस पोचेनात. तक्रारी आल्या, शोधाशोध झाली आणि मार्चमध्ये घुसवलेला कोड सापडला. पुढे तपासाला लागणाऱ्या ॲक्सेस लॉग्ज त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सर्व्हर अपग्रेड करताना पुसल्या गेल्या. बॅकअप नव्हता! चोर कोण, हे ठरवणं त्यामुळे फारच अवघड होऊन बसलं.

'ते तिकडचं झालं, आपल्याकडे काय?' असं म्हणाल, तर आपल्याकडे कायदा कागदावर बरा आहे. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीयूसीएलच्या खटल्यात टॅपिंगवर बंधनं घातली. ती २००७ मध्ये ४१९-अ या नियमात आली आणि आता त्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालच्या डिसेंबर २०२४ मधल्या नियमांनी घेतली आहे. ढोबळमानाने, आदेश गृहसचिवांचा हवा, तो ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी १८० दिवसांपलीकडे नाही. तातडीच्या वेळी खालचा अधिकारी आधी टॅपिंग सुरू करू शकतो, पण ७ कामकाजाच्या दिवसांत मंजुरी आली नाही तर ते थांबवायचं. आणि वर एक पुनरावलोकन समिती, जी दोन महिन्यांतून एकदा हे सगळे आदेश तपासते.

केंद्राच्या या समितीत तीन सचिव. आता जरा आकडे बघा. माहिती अधिकारात मिळालेल्या २०१३ च्या उत्तरानुसार केंद्र सरकार तेव्हा महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश काढत होतं. म्हणजे दोन महिन्यांच्या एका बैठकीपुढे १५,००० हून जास्त आदेश! तीन माणसं, तीही आपापलं खातं सांभाळून. कोड रिव्ह्यूला एवढे बदल एकदम पाठवले तर तुमचा टीम लीड काय करेल? 'अप्रूव्ह' दाबेल आणि जेवायला जाईल. सचिवांना नावं ठेवायचा हेतू नाही, पण हे माणसाच्या आवाक्यातलं कामच नाही.

पूर्वी आणखी एक माणूस मध्ये असायचा. आदेश टेलिकॉम कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जायचा आणि तो नंबर लावायचा. आता सीडॉटने बनवलेल्या सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टिममुळे सरकारी यंत्रणेला कंपनीच्या माणसाची मदत न घेता नंबर लावता येतो. सरकारची बाजूही ऐकायला हवी. नोडल अधिकारी मध्ये असला की कुणाचा फोन ऐकला जातोय हे बाहेर फुटू शकतं. शिवाय तो काही हुकमी पहारेकरी नव्हता. अमर सिंह यांच्या प्रकरणात २००५ मध्ये एका टेलिकॉम कंपनीने चक्क बनावट पत्रावरून फोन टॅप केला होता. पत्रात भाषेच्या ढोबळ चुका होत्या, तरी कंपनीला संशय आला नाही, म्हणून २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तिला चांगलंच फटकारलं.

पण म्हणून ती पायरीच काढून टाकायची? आपल्या जमातीला एक सवय असते. मॅन्युअल स्टेप दिसली की हात शिवशिवतात, कधी एकदा ऑटोमेट करतो असं होतं. बँकिंगच्या प्रोजेक्टवर काम केलेल्या कुणालाही विचारा, तिथे ही सवय आधी मोडावी लागते. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने पास करायची. मेकर-चेकर. ती दुसरी सही वेळ खाते, युजर वैतागतात, पण तेच ते फीचर आहे! दहा लाखांच्या आरटीजीएसला आपण दोन माणसं लावतो. कुणाचं खाजगी आयुष्य उघडायला एक पुरते?

म्हणून माझ्या मते अशा प्रत्येक कंत्राटात तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात. एक, डिजिटल सहीचा आदेश नसेल तर सिस्टिमने नंबर घेऊच नये, आणि मुदत संपली की टॅपिंग आपोआप बंद व्हावं. आठव्या कामकाजाच्या दिवशी मंजुरीशिवाय फोन चालू राहतो का, ही टेस्ट केस यूएटीत हवीच. दोन, लॉग टॅपिंग करणाऱ्या खात्याच्या हातात नको, दुसऱ्या संस्थेकडे हवी. सरकार म्हणतं की आपल्या सिस्टिममध्ये कमांड लॉग आपोआप तयार होते. छान! पण ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच घरात कॅमेऱ्याची टेप ठेवून काय उपयोग? तीन, नेटवर्कमध्ये प्रत्यक्ष लावलेले नंबर आणि सहीचे आदेश या दोन याद्या मशीनने रोज ताडाव्यात आणि समितीपुढे फक्त न जुळणाऱ्या ओळी याव्यात. पंधरा हजार आदेश कुणी वाचणार नाही, पंधरा ओळी वाचेल.

'आपण काही गैर करत नाही, मग कशाला घाबरायचं?' असं म्हणणारे भेटतीलच. त्यांनी अथेन्सचे पंतप्रधान आठवावेत. दार सरकारसाठी केलं तरी त्यातून कोण येईल हे दाराला कळत नाही. अमेरिकेने १९९४ च्या कालिया कायद्याने टेलिकॉम कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवायला लावली, जुन्या उपकरणांच्या खर्चापोटी ५० कोटी डॉलर्सची तरतूदही केली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एफबीआयलाच जाहीर करावं लागलं की चीनशी संबंधित हॅकर्सनी टेलिकॉम कंपन्यांत शिरून, कोर्टाच्या आदेशाने मागवलेल्या माहितीतला काही भाग कॉपी केला.

राहता राहिला शीर्षकातला प्रश्न. यूएटी म्हणजे युजर ॲक्सेप्टन्स. इथे युजर पोलीस, क्लायंट सरकार, व्हेंडर आपली कंपनी. ज्याचा फोन ऐकला जाणार तो कुठल्याच मीटिंगला नसतो. त्याच्या वतीने प्रश्न विचारू शकेल असा त्या खोलीत एकच माणूस असतो, ज्याला सिस्टिम आतून कळते. उद्या तुम्हाला असं काम आलं तर ते नाकारा असं मी म्हणणार नाही. तुम्ही नाकारलंत तरी एल-वन ठरलेला कुणीतरी ते करणारच आहे. पण प्री-बिड मीटिंगमध्ये हात वर करून एवढं जरूर विचारा: 'सर, ऑडिट लॉग ऑप्शनल आहे की मँडेटरी?' आणि उत्तर तोंडी नको, मिनिट्समध्ये लिहून घ्या.