दुर्बीण करणारे आणि दुर्बिणींतून पाहणारे

हौशी ज्योतिर्विदांच्या मंडळांत एक थट्टा फार दिवसांपासून चालत आलेली आहे. या लोकांचे दोन वर्ग असतात, असें तेथें म्हणतात. एक आकाश पाहणाऱ्यांचा व दुसरा दुर्बिणी करणाऱ्यांचा. दुसऱ्या वर्गांतील गृहस्थाची दुर्बीण पुरी झाली कीं, तिच्यांतून तो एकदां चंद्र पाहतो, एकदां शनि पाहतो, समाधानानें मान डोलवितो, आणि याहून मोठ्या आरशासाठीं कांच कोठें मिळेल याची चौकशी सुरू करतो. पहिली दुर्बीण माळ्यावर जाते. थट्टा दुर्बिणीची असली तरी हा रोग, त्यास रोगच म्हणावयाचें असेल तर, घरोघरचा आहे. रेडिओ जुळविणारे, लाकडाचीं जहाजें कोरणारे, बंद पडलेलीं घड्याळें विकत आणून चालू करणारे व चालू झालेलीं कपाटांत ठेवणारे, या सर्वांची कथा एकच. घरांतील मंडळी त्यास 'रिकामा उद्योग' म्हणतात, आणि कर्ता ओशाळून 'पुढें उपयोगी पडेल' असें कांहींतरी पुटपुटतो. आमचें म्हणणें असें कीं, ओशाळण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु तें पुटपुटणें मात्र खोटें आहे, आणि घरांतला खरा कलह त्या खोट्यांतून उत्पन्न होतो.

दुर्बिणीचा आरसा घासणें म्हणजे काय, हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस या नादाची कल्पना यावयाची नाहीं. सहा इंच व्यासाच्या दोन जाड कांचेच्या चकत्या घ्यावयाच्या. एक खालीं पक्की बसवावयाची, तिच्यावर कार्बोरंडमची भुकटी व पाणी घालावयाचें, आणि दुसरी चकती तिच्यावर ठेवून पुढें-मागें घासावयाची. घासतां घासतां आपण पिंपाभोंवतीं हळूहळू प्रदक्षिणा घालीत राहावयाचें व हातांतील कांचहि थोडीथोडी फिरवीत राहावयाचें. याहून अधिक कौशल्य प्रथम लागत नाहीं. वरच्या कांचेचा मध्य झिजतो, खालच्या कांचेची कड झिजते; म्हणजे एक खोलगट होत जाते व दुसरी फुगीर. आणि कोणत्याहि दिशेनें सरकविले तरी एकमेकांस सर्वत्र चिकटून राहतील असे पृष्ठभाग गोलाचेच असूं शकतात. त्यामुळें माणसाचे हात कितीहि अडाणी असले तरी कांच आपोआप गोलाच्या आकारावर येते. चार फूट नाभ्यंतराच्या आरशासाठीं ही खोली मध्यभागीं सव्वा मिलिमीटरहि भरत नाहीं. मग भुकटी अधिकाधिक बारीक घ्यावयाची, आणि शेवटीं राळेच्या थरावर जिलई द्यावयाची. पूर्वीं त्यास लोखंडाची तांबडी भुकटी लागे, हल्लीं सेरियम ऑक्साइड वापरतात.

येथपर्यंत झाली ती मजुरी. खरी गोडी यापुढें लागते. गोल आकार दुर्बिणीस पुरत नाहीं. तो किंचित् बदलून अन्वस्ताचा करावा लागतो. वर सांगितलेल्या आरशांत या दोन आकारांतील फरक कडेपाशीं किती असतो म्हणाल, तर एका मिलिमीटरचे तीन हजार भाग केले असतां त्यांतील एका भागाहूनहि कमी. एवढा सूक्ष्म फरक घरच्या टेबलावर मोजण्याची युक्ति फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको यानें १८५८ सालीं सांगितली. आरशासमोर आठ फुटांवर सुईच्या छिद्रांतून आलेला प्रकाश ठेवावयाचा, आणि परत येणारे किरण दाढीच्या पात्याच्या धारेनें अडवीत डोळा लावावयाचा. त्या क्षणीं सपाट दिसणाऱ्या कांचेवर डोंगर आणि दऱ्या उमटतात. आरशावर अंगठा क्षणभर टेकवून काढला तर त्या उबेनें फुगलेली कांच टेकडीसारखी वर आलेली दिसते, आणि थोड्या वेळानें निवून पुन्हां बसते. रोज संध्याकाळीं अर्धा तास जिलई द्यावी, कांच थंड होऊं द्यावी, आणि पाहावें कीं कालची टेकडी उतरली कीं नाहीं. चूक दिसते, हातानें सुधारतां येते, आणि सुधारलेली दुसऱ्या दिवशीं पुन्हां दिसते. कचेरींतील कामांत अथवा संसारांत असें सुख कितीसें मिळतें?

आतां दुसरी बाजू पाहा. दुर्बीण तयार झाली. आपल्याकडे जूनपासून चार महिने आकाश झांकलेलें. पुढें थंडींत आकाश निवळतें, तर पुण्यामुंबईच्या दिव्यांनीं तें इतकें उजळलेलें असतें कीं, देवयानी तारकासमूहांतील दीर्घिका म्हणून जी पाहावी ती धुक्याच्या बोटासारखी दिसते. मध्यरात्रीं गच्चीवर उभें राहून मान वांकडी करावयाची, आणि हातांना काम म्हणून कांहीं नाहीं. पाहणें हाहि एक अभ्यास आहे. त्यास धीर, सराव व नोंदींची संवय लागते. परंतु ती भूक निराळी, आणि घडविण्याची भूक निराळी. एकास दोनहि असल्या तर उत्तम, पण पहिली असली म्हणजे दुसरी असलीच पाहिजे, हा नियम कोणीं केला?

अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांत स्प्रिंगफील्ड म्हणून, तेव्हां यंत्रकारखान्यांचें असलेलें, एक गांव आहे. तेथें रसेल पोर्टर या गृहस्थानें १९२० सालीं कांहीं लोकांस आरसे घासण्यास शिकविलें. त्यांत बहुतेक कारखान्यांतील कामगार होते. पुढें त्यांनीं मंडळ काढलें आणि टेंकडीवर 'स्टेलाफेन' नांवाची एक वास्तु उभारली. १९२५ सालीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत या मंडळींची हकीकत आल्यावर अमेरिकाभर आरसे घासण्याची लाट उसळली. आम्हांस त्या मंडळाचें नांव फार प्रामाणिक वाटतें. 'स्प्रिंगफील्डचे दुर्बीण करणारे' असें तें आहे. 'पाहणारे' हा शब्द त्यांत नाहीं. तेथें भरणाऱ्या संमेलनांत दुर्बिणींच्या घडणीची परीक्षा दिवसाउजेडीं होते, आणि त्या वेळीं तारा एकहि दिसत नसतो! आपल्याकडे पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून आहे, आणि 'आयुका'सारख्या मोठ्या संशोधनसंस्थेच्या आवारांतहि शाळेंतील मुलांमुलींनीं आरसे घासलेले आहेत. तेव्हां हें वेड परकें राहिलेलें नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, वापरावयाचें नसेल तर वस्तु पुरी तरी कशाला करावी? घासण्यांतच सुख असेल तर नुसती कांच घाशीत बसावें. हा प्रश्न दिसतो तितका पोकळ नाहीं. डॅन एरिएली व त्यांचे दोन सहकारी यांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांस 'लेगो'च्या तुकड्यांचीं चित्रें जुळविण्यास दिलीं, व प्रत्येक पुऱ्या चित्रामागें थोडे पैसे ठेविले. हे पैसे उत्तरोत्तर कमी होत जात. कांहींचीं चित्रें समोर मांडून ठेविलीं. कांहींचीं मात्र, तीं पुढलें चित्र जुळवीत असतां, त्यांच्या डोळ्यांदेखत मोडलीं. मोबदला दोघांसहि सारखाच. तरी पहिल्या वर्गानें सरासरीनें साडेदहा चित्रें केलीं, दुसऱ्यानें सातांवर हात टेंकले. वापर तर त्या चित्रांचा दोघांपैकीं कोणासहि करावयाचा नव्हता! यावरून आम्ही असें समजतों कीं, करणाऱ्यास वस्तु वापरण्याची गरज नसते, पण ती कोठेंतरी उभी आहे एवढा विश्वास त्यास लागतो. अर्धवट टाकलेल्या कामांचा ढीग करणारा मनुष्य आणि पुरें करून बाजूस ठेवणारा मनुष्य हे म्हणूनच एक नव्हेत. पहिल्याची कींव करावी. दुसऱ्याशीं हिशेब करावा.

हिशेब म्हणतों तो अशासाठीं कीं, या सुखाची किंमत पुष्कळदां दुसरेंच माणूस देतें. विल्यम हर्शेल याचें उदाहरण घ्या. इंग्लंडांतील बाथ शहरीं हा संगीताच्या शिकवण्या करून पोट भरी आणि उरलेल्या वेळांत धातूचे आरसे घासी. अशाच स्वतः केलेल्या सहा इंचांहून थोड्या मोठ्या आरशानें त्यानें १७८१ सालीं युरेनस ग्रह शोधला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याची बहीण कॅरोलीन हिच्या आठवणी मात्र थोड्यांनीं वाचलेल्या असतात. घरांतील जवळजवळ प्रत्येक खोलीचा कारखाना झाला. दिवाणखान्यांत सुतार नळी करीत बसे आणि निजण्याच्या खोलींत मोठें चरकयंत्र उभें राहिलें. एकदां विल्यमनें सोळा तास आरशावरून हात काढला नाहीं, तेव्हां बहिणीनें त्याच्या तोंडांत घांस भरविले. मोठ्या आरशाच्या सांच्यासाठीं घोड्याची लीद कुटून चाळण्याचें कामहि तिनें केलें. त्याच सालीं ओतण्याच्या वेळीं भट्टी गळूं लागली, वितळलेला रस तळघरांत पसरला, फरशीच्या लाद्या तडातड उडाल्या, आणि सर्वांस जीव घेऊन पळावें लागलें. ही बाई उत्तम गाणारी होती. तें गाणें भावाच्या आरशांखालीं गेलें. पुढें राजाच्या पैशानें चाळीस फुटांची प्रचंड दुर्बीण झाली, तीहि अवजड म्हणून फारशी वापरांत आली नाहीं. काम होई तें वीस फुटीवर.

परंतु या कथेंत एक गोष्ट अशी आहे कीं, तिच्यामुळें आम्ही हर्शेलास क्षमा करतों. भावानें बहिणीसाठीं एक लहानशी दुर्बीण करून दिली. तिच्यांतून कॅरोलीननें १७८६ सालीं एक धूमकेतु शोधला, आणि १७९७ पर्यंत तिच्या नांवावर आठ झाले. १७८७ पासून तिला राजाकडून सालीना पन्नास पौंड मिळूं लागले, आणि १८२८ सालीं लंडनच्या ज्योतिषसंस्थेनें तिला सुवर्णपदक दिलें.

आपल्या घरांतील न्याय मात्र सरळ नाहीं, हें आम्हांस स्पष्ट म्हटलें पाहिजे. पुरुषानें गॅलरींत कांच घासली तर तो छंद ठरतो, निदान वेड तरी. स्त्रीनें क्रोशाचा रुमाल हातीं घेतला तर तो कोणाच्या तरी उपयोगाचा असावा लागतो. विणलेला स्वेटर नातवासाठीं, गोधडी बाळंतिणीसाठीं, मण्यांचें तोरण दारासाठीं. उपयोगाचें निमित्त दाखविल्यावांचून तिला सुई हातीं धरतां येत नाहीं. म्हणून रुखवत ही तिची मोठी सोय होती असें आम्हांस वाटतें. तेथें आया-मावश्या-आत्यांनीं महिनेच्या महिने खपून केलेल्या वस्तु मांडवांत एक दिवस मांडावयाच्या व नंतर पेटींत ठेवावयाच्या. वापराचा प्रश्न कोणी विचारीत नसे. रोज सकाळीं काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखालीं पुसली जाते, तिलाहि कोणी वायां गेली म्हणत नाहीं. आणि दिवाळींतला किल्ला? तीन दिवस मुलें चिखलांत लोळतात, आळीव पेरतात, बुरूज लिंपतात. सिंहासनावर महाराज व तटावर मावळे बसले कीं किल्ला झाला. मग त्याचें करावयाचें काय? मुलें थोडा वेळ पाहत बसतात आणि मग कोणीतरी म्हणतो कीं, मागच्या बाजूस एक गुहा खणूं या. मुलांस आपण हंसत नाहीं. वयानें मोठ्या झालेल्यास मात्र उपयोगाचा दाखला मागतों, आणि तोहि बिचारा खोटा दाखला लिहून देतो.

त्यापेक्षां त्यानें घरीं सरळ सांगावें: मला घासण्याची हौस आहे, तिला इतके रुपये, इतक्या संध्याकाळा व गॅलरीचा हा कोंपरा लागेल. ज्यास हा आंकडा उच्चारण्याचें धैर्य नाहीं त्यानें कांच विकत घेऊं नये. तितक्याच संध्याकाळा पत्नीस तिच्या हौसेसाठीं मोकळ्या मिळतात कीं नाहीं, हेंहि त्याच बैठकींत ठरवावें. दुसरी अट अशी कीं, नवी कांच आणण्यापूर्वीं पहिल्या दुर्बिणीस चांगलें स्थळ पाहावें. घरांत उपवर दुर्बीण बसवून ठेवून दुसरीच्या तयारीस लागणें शोभत नाहीं.

या बाबतींत जॉन डॉब्सन याचें चरित्र ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. हा सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटींत १९४४ सालीं संन्यासी म्हणून राहूं लागला. मठांत असतांना त्यास दुर्बिणींचा नाद लागला. जहाजांच्या गवाक्षांच्या टाकाऊ कांचा, जाड पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूड, असें फुकटांतलें साहित्य घेऊन तो आरसे करी व दुर्बिणी चाकांवर ढकलीत शेजारपाजारीं नेई. मठांतून वारंवार गैरहजर राहतो या कारणावरून १९६७ सालीं त्यास मठ सोडावा लागला. दुसऱ्या वर्षीं त्यानें व कांहीं तरुणांनीं पदपथावर दुर्बिणी मांडण्यास प्रारंभ केला. जाणारायेणारा कोणीहि थांबावा, डोळा लावावा. त्याची सोपी लाकडी बैठक आज जगभर 'डॉब्सोनियन' या नांवानें वापरतात. तिचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. २०१४ सालीं तो वारला.

आपल्याकडे तर स्थळ शोधण्यास दूर जावयास नको. शहरापासून साठ-सत्तर मैलांवर, घाटापलीकडे, अजून काळोख्या रात्रीं आकाशगंगा दिसते अशीं गांवें आहेत, तेथें शाळा आहेत, आणि विज्ञान शिकविणारे मास्तर आहेत. मात्र दुर्बीण देतांना करणाऱ्यानें एक कागद स्वतःच्या अक्षरांत लिहून नळीस बांधावा. दोन आरसे एका रेषेंत कसे आणावे, तें चित्र काढून दाखवावें. सूर्याकडे ती कधींहि वळवूं नये, हें मोठ्या अक्षरांत लिहावें. काम झालें कीं नळीचें झांकण लावावें. आरशावर धूळ दिसली तरी धोतराच्या सोग्यानें किंवा पदरानें ती पुसूं नये. आणि कांहीं वर्षांनीं आरशाचा मुलामा उतरूं लागला तर तो पुन्हां चढविण्यासाठीं आरसा कोणाकडे पाठवावयाचा, तो पत्ता शेवटीं द्यावा.