शेपटीतले रॉकेल

विमान उभे, दोन्ही इंजिने बंद, आणि तरी आत गार वारा येतो, दिवे जळतात. "हे सारे चालले आहे कशावर हो?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. मी पडलो व्याकरणाचा माणूस. खिडकीबाहेर पाहू लागलो.

उत्तर मिळाले ते विमान-दुरुस्तीच्या कामात असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. शेपटीच्या टोकाला एक छोटे टर्बाइन असते. ही मंडळी त्याला नुसते 'एपीयू' म्हणतात. दिव्यांची वीज त्याची, आणि थंडाव्यासाठी लागणारी दाबाची हवाही त्याचीच. मोठी इंजिने सुरू होतात तीदेखील बहुधा ह्याच हवेच्या जोरावर.

पण इंधन तर सारे पंखांत! ब्राझीलचे एंब्राएर १७५ घ्या. २०२३ पासून आपल्याकडच्या लहान शहरांनाही ते जाऊ-येऊ लागले आहे. त्यात शेपटीला इंधन मिळते ते उजव्या पंखाच्या टाकीतून. आता गंमत पाहा. टाकीतला मुख्य पंप चालतो इंजिनाकडून परत येणाऱ्या इंधनाच्या धारेवर. त्यात फिरणारा भागच नाही. जोडीचा विजेचा पंप मागतो जनित्राची वीज. इंजिनच बंद, तर धार कुठली आणि जनित्र कुठले? म्हणून त्याच टाकीत बॅटरीवर चालणारा एक धाकटा पंप बसवलेला असतो. तो शेपटीला पहिला घोट पाजतो, यंत्र पेट घेते, वीज येते. मग मोठा पंप कारभार हाती घेतो आणि धाकटे गुपचूप बाजूला होते. ज्यांनी काकडा लावून स्टोव्ह पेटवला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. हे इंधनही शेवटी शुद्ध केलेले रॉकेलच की!

"पण सर, खरी काळजी पंपाची नसते, नळीची असते," तो म्हणाला. उतारू बसतात त्याच धडातून ती शेपटीपर्यंत जाते. म्हणून तिच्याभोवती दुसरी नळी. आतली झिरपली तर इंधन बाहेरच्या नळीत उतरते आणि तिथून थेट विमानाबाहेर. शेपटीत आग लागलीच, तर झडप मिटून इंधन तोडले जाते.

"आणि खाली थेंब दिसला तर?"

"तर आधी तो कुठून आला ते शोधायचं. तोवर विमान हलत नाही. उतारू घड्याळं दाखवतात, भांडतात. भांडू देतो, सर."