सिंहली कवींचा कुस राजा

१९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. पण त्या देशातील कवींनी शेकडो वर्षे जातककथा स्वतःच्या भाषेत, काव्यात गायल्या, याकडे आपले लक्ष गेलेले नाही.

कुस जातकाचेच उदाहरण घ्या. तेराव्या शतकात दुसरा पराक्रमबाहू या राजाने त्यावर ‘कव्सिळुमिण’ हे महाकाव्य रचले, असे परंपरा सांगते. ते पंडितांचे काव्य, भाषा अवघड. १६१० साली अलगियवन्न या कवीने तीच कथा चार ओळींच्या सोप्या कडव्यांत आणली.

बोधिसत्त्व कुस हा राजा, पण दिसायला कुरूप. राणी प्रभावती रूपगर्विता. नवऱ्याचे तोंड दिसताच ती माहेर गाठते. राजा गादी सोडून तिच्यामागे जातो आणि तिथे काय करतो? कुंभाराकडे मडकी घडवतो, बुरुडाकडे पंखे विणतो, माळ्याकडे हार गुंफतो, शेवटी सासऱ्याच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकी होऊन अन्नाची कावड खांद्यावर वाहतो. ज्या कामांवरून मनुस्मृतीने माणसाला नीच ठरवले, तीच कामे इथे बोधिसत्त्व करतो आणि त्याचे बोधिसत्त्वपण तसूभरही कमी होत नाही! आपल्या बापजाद्यांचे हात ज्या मातीने आणि बांबूने सोलवटले, ती माती आणि तो बांबू या काव्यात राजाच्या हाती आहेत.

पण आम्ही पडलो वकील. उलटतपासणी घेतल्याशिवाय साक्ष मान्य करीत नाही. कुस कुरूप का? तर मागच्या जन्मी त्याने एका प्रत्येकबुद्धाला दान दिलेली पोळी परत हिसकावून घेतली म्हणून, असे जातक सांगते. हाच युक्तिवाद आमच्या आजोबांना गावकुसाबाहेर ऐकवला जात होता. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत स्पष्ट नाकारला आहे. तेव्हा तेवढा भाग आम्हाला मान्य नाही.

नुसत्या काव्याने जात जात नाही, हेही श्रीलंकेतच दिसले. कुसाची कथा सोप्या कडव्यांत येऊन सुमारे दीडशे वर्षे उलटली, तरी अठराव्या शतकात सियाम निकायाने उपसंपदा गोविगम या वरच्या जातीपुरती राखून ठेवली. बाकीच्यांना समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जावे लागले, तेव्हा कुठे १८०३ साली अमरपूर निकाय उभा राहिला. धम्माच्या देशातही हक्क मागावाच लागला.

मग ही काव्ये आपल्या काय कामाची? धर्मानंद कोसंबी १९०२ च्या सुमारास कोलंबोत पाली शिकले, दुर्गा भागवतांनी जातके मराठीत आणली. म्हणजे गद्य आपल्याकडे आहे. गाणे मात्र नाही. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण पोथ्यापुराणे सोडली, पण त्या जागी आपल्या आयाबहिणींनी रात्रभर ऐकावे असे कथाकाव्य किती दिले? वामनदादा कर्डकांनी बाबासाहेब गावोगावी गाण्यातून पोचवले. त्यांच्या वाटेने जाणाऱ्या गायनपार्ट्या आजही आहेत.

येत्या बुद्धपौर्णिमेला एखाद्या गायनपार्टीने कुंभाराच्या चाकावर बसलेला कुस राजा स्टेजवर आणावा. आम्ही पहिल्या रांगेत बसू. मागच्या जन्माचे कडवे तेवढे गाळा, त्यावर आमची हरकत नोंदवलेली आहे.