स्वस्त घर, महाग वस्ती

नोकरीच्या वा शिक्षणाच्या निमित्ताने पुण्यात प्रथमच बिऱ्हाड करू पाहणारा लातूरचा, परभणीचा किंवा बुलढाण्याचा गृहस्थ दलालापुढे बसला, की त्याचा पहिला प्रश्न भाड्याचा असतो, दुसरा अनामत रकमेचा आणि तिसरा, विचारलाच तर, कचेरीपासूनच्या अंतराचा. पाणी कोठून येते, शेजारी कोण आहेत आणि पावसाळ्यात घरापुढच्या रस्त्याची काय अवस्था होते, हे प्रश्न त्याच्या मनात येईपर्यंत करारनाम्यासाठी अंगठ्याचा ठसा घेऊन झालेला असतो. यात त्याचा फारसा दोष नाही. भाडे हा एकच आकडा आधी समजतो. बाकीचे आकडे मागाहून, महिन्यामहिन्याला, टँकरच्या वर्गणीतून, रिक्षाच्या मीटरमधून आणि औषधाच्या बिलातून समजत जातात. माझे म्हणणे असे, की स्वस्ताई हा घराचा गुण नसून वस्तीचा गुण आहे, आणि परवडणारी वस्ती व आपुलकीची वस्ती यांचा शोध निरनिराळा करावा लागत नाही, कारण बहुतेक ठिकाणी दोहोंचे मूळ एकच असते.

या शहराला परका माणूस नवा नाही. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची, तर प्रथम कौल दिला जाई: जे उदमी आणि कारागीर येऊन वसती करतील त्यांना काही वर्षांपुरती कर-जकातीची माफी, घर बांधण्यास जागेची तजवीज, आणि पेठेच्या व्यवहारावर देखरेख ठेवण्यासाठी शेटे-महाजनांची नेमणूक, असा तो शिरस्ता असे, येणाऱ्याने सरकारची आर्जवे करण्याऐवजी सरकारनेच येणाऱ्याची मनधरणी करावी, असा तो काळ होता. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणून पेठांतल्या हौदांत खेळवले गेले, आणि त्यांपैकी सदाशिव पेठेतल्या हौदाचे नाव त्या परिसराला आजही चिकटून आहे. पेठा वाढत असताना पाण्याचा विचार त्यांच्याबरोबर चालला होता, ही त्या कारभाऱ्यांची दूरदृष्टी मान्य केली पाहिजे. परंतु या आठवणीने हुरळून जाण्याचे कारण नाही. त्या पेठा जातींनी आणि धंद्यांनी विभागलेल्या होत्या, पाणवठ्यावर सर्वांना सारखा अधिकार नव्हता, आणि 1868 साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे कृत्य तेव्हा केवढे धाडसाचे ठरले, यावरूनच त्या जुन्या शेजारधर्माची मर्यादा दिसून येते. वस्ती स्नेहशील आहे किंवा नाही, हे तिच्यातल्या स्थिरस्थावर कुटुंबांना विचारून कळत नसते. सर्वांत दुबळ्या रहिवाशाला तेथे कसे वागवतात यावरून ते कळते, आणि आजच्या शहरी वस्तीत हा दुबळा रहिवासी पुष्कळदा भाडेकरू असतो.

आज शहराची हद्द ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने तिच्यातले पाणी वाढलेले नाही. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे महापालिकेत समाविष्ट झाली. मौजे म्हणून दप्तरात नोंदलेल्या शिवारांत बहुमजली इमारती त्याच्या आधीपासूनच उभ्या राहात होत्या, आणि पालिकेची जलवाहिनी येईपर्यंत रहिवाशांना पाणी आम्हीच पुरवू, अशी हमीपत्रे विकासकांनी अनेक ठिकाणी लिहून दिली होती. विकासक इमारत सोसायटीच्या स्वाधीन करून निघून जातो, हमीपत्र दप्तरात राहते आणि टँकर मात्र दररोज येत राहतो. त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये मिळवला जातो, उन्हाळ्यात तो वाढतो, आणि कमी भाड्याच्या ज्या लाभावर नवागत समाधान मानीत होता, तो हळूहळू पाण्यातच विरघळून जातो. पैशाची गोष्ट एक वेळ सोडून देऊ. 2025 च्या जानेवारीत गिया-बारे आजाराची जी साथ पुण्यात पसरली, तिचे रुग्ण सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत विशेष करून आढळले आणि दूषित पाण्यावर सर्वांची दृष्टी गेली. त्याच रस्त्यावर, 2024 च्या 25 जुलैला, खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाने एकतानगरीतल्या इमारतींचे तळमजले पाण्याखाली गेले. त्यापूर्वी 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने एका रात्रीत काय केले, हे अरण्येश्वर आणि टांगेवाला कॉलनीतल्या रहिवाशांना विचारावे. ओढ्याच्या वा नदीच्या काठचे तळमजल्याचे घर स्वस्त का मिळते, हे घरमालक सांगत नाही, दलाल सांगत नाही. पूररेषेच्या नकाशात मात्र ते निळ्या आणि तांबड्या रेघांनी दाखविलेले असते, आणि तो नकाशा पाहण्याचा खटाटोप घर पाहण्याच्या खटाटोपाहून अधिक नाही.

मग जावे कोठे? या प्रश्नाचे माझे उत्तर पुष्कळांना जुनाट वाटेल: शहराच्या कडेला मोठे घर घेण्यापेक्षा मध्यम वयाच्या वस्तीत लहान घर घ्यावे. मध्यम वयाची वस्ती म्हणजे फार जुनी पेठ नव्हे, जेथे परीक्षार्थी मुलांना कॉट बेसिसवर एका खोलीत चार-पाच जणांप्रमाणे राहावे लागते, आणि कालपरवा उभी राहिलेली टोलेजंग योजनाही नव्हे, जेथे भाजीच्या जुडीसाठीसुद्धा दुचाकी काढावी लागते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, तेव्हा उघड्यावर आलेल्या कुटुंबांसाठी सहकारनगरासारख्या भागांत पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था निघाल्या. पुढे 1972 साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीकडे आखीव पेठा वसवल्या. कोथरूड, धनकवडी, बिबवेवाडी, सांगवी येथली जुनी खेडी शहरात मिसळून एक-दोन पिढ्या लोटल्या. या वस्त्यांतील इमारतींना लिफ्ट नसेल, रंग उडालेला असेल, वाहनतळाच्या जागेवरून वर्षाकाठी दोन भांडणे होत असतील. परंतु तेथे नळाला पालिकेचे पाणी येते, पीएमपीचा थांबा चालत जाण्याच्या अंतरावर असतो, आणि वनाज ते रामवाडी किंवा पिंपरी ते स्वारगेट या मेट्रोच्या मार्गांशी त्यांतल्या काहींचा संबंध जोडला गेल्याने कचेरीला जाण्याचा खर्च व वेळ दोन्ही आटोक्यात राहतात.

आपुलकीचा उगमही येथेच आहे. जेथे वाण्याचे दुकान, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, डॉक्टरचा दवाखाना आणि पोळीभाजी केंद्र पायी गाठता येते, तेथे माणसे एकमेकांच्या नजरेत राहतात, आणि नजरेत राहिलेल्या माणसाची चौकशी आज ना उद्या होतेच. कुलूप लावून गावी गेलेल्या शेजाऱ्याचा गॅस सिलिंडर उतरवून घेणे, घरात कोणी आजारी पडल्यास रात्री डॉक्टरांना फोन लावून देणे, ही कामे कोणतीही व्यवस्थापन समिती ठराव करून करवू शकत नाही. उलट पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि क्लबहाउस असलेल्या कुंपणबंद संकुलात सर्वजण तळघरातल्या वाहनतळातून थेट लिफ्टने घरी जातात, आणि त्यांची गाठ पडते ती मोबाइलवरच्या गटात, कोणाच्या तरी कुत्र्यावरून. हे सरसकट विधान आहे, आणि अशा संकुलांतही जिवाभावाची माणसे भेटतात, हे मला ठाऊक आहे. तरीही स्नेह वाढावा यासाठी पायी चालावयास लावणारा रस्ता क्लबहाउसहून अधिक उपयोगी पडतो, या मतावर मी ठाम आहे.

अर्थात मध्यम वयाच्या या वस्त्यांचा एक दुर्गुण झाकून ठेवता येणार नाही. आडनाव, धर्म, अन्न आणि अविवाहितपणा या चार चाळण्यांतून भाडेकरूला गाळून घेण्याची सवय तेथे खोलवर रुजलेली आहे, आणि "आमच्या सोसायटीत चालत नाही" या एका वाक्यापुढे गुणी, निर्व्यसनी, वेळेवर भाडे देणारा तरुणही हतबल होतो. कायद्याची दिशा मात्र निराळी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला पूर्वसूचना द्यावी, एवढेच अपेक्षित आहे. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि त्या नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. ज्या सोसायटीचा सेक्रेटरी या तरतुदी धुडकावून आपले खाजगी फर्मान काढतो, तेथे भाडे कितीही कमी असले तरी पाऊल टाकू नये. आज जो तुमच्या स्वयंपाकघरात डोकावतो, तो उद्या तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची हजेरी घेईल.

वस्तीची परीक्षा करण्याचे मार्ग लोक पुष्कळ सांगतात: रविवारी दुपारी जाऊ नये, कामाच्या दिवशी सकाळी जावे, मे महिन्यात नळ सोडून पाहावा, खालच्या चहावाल्याशी बोलावे. हे सर्व ठीक आहे. पण ज्याचा जबाब सर्वांत विश्वसनीय, त्या साक्षीदाराला कोणी गाठत नाही, आणि तो म्हणजे तेच घर सोडून निघालेला बिऱ्हाडकरू. दलाल त्याची भेट सहसा होऊ देत नाही. घरमालकाला ती रुचत नाही. सामान बांधण्याच्या घाईत असल्याने तो स्वतःही प्रथम टाळाटाळ करतो. तरी ट्रक येण्यापूर्वी त्याला जिन्यात गाठावे, पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते ते विचारावे, वरच्या मजल्यावरचे लोक कसे आहेत ते विचारावे, आणि शेवटी, शक्यतो घरमालक जवळ नसताना, अनामत रक्कम पुरी परत मिळाली का, तेही विचारून घ्यावे.