माझी तर दहाही शाबूत!

परतवाडा-धारणी एसटी. सेमाडोहनंतर रेंज गुल. कानात फक्त ‘ब्लॅक सॅबथ’. डूम मेटलचं मूळ हेच, बॉस!

बर्मिंगहॅम, १९६५. पत्र्याच्या कारखान्यात १७ वर्षांच्या टोनी आयोमीचा शेवटचा दिवस. दुपारी जाणारच नव्हता. आई म्हणाली, दिवस पूर्ण कर. मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात! त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैल सोडल्या. सूर आणखी जड झाला. १९६९मध्ये पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड! समीक्षकांनी झोडपलं, पोरांनी डोक्यावर घेतलं.

माझा राजीनाम्याचा मेल चार महिने ड्राफ्टमध्ये पडलाय. हरिसालला रेंज आली की ‘सेंड’ दाबतो. तुमचं काय?