जुन्या भावांची दुकानदारी

दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्यांची वेळ जवळ आली की माझ्या फोनवर विप्रो येऊन थडकते. तोच संदेश, तीच वाक्ये. १९८० साली या कंपनीचे दहा हजारांचे शेअर घेऊन विसरून गेला असतात, तर आज शेकडो कोटींचे धनी असतात. खाली हात जोडलेले, त्याखाली कुठल्याशा शिबिराची जाहिरात, जागा मर्यादित. त्या संदेशातल्या गुणाकाराशी माझे भांडण नाही, तो बहुधा बरोबरच असतो. भांडण आहे ते असा गुणाकार करून नोकरदाराच्या जखमेवर मीठ चोळायचे आणि मग त्यालाच मलम विकायचे, या धंद्याशी.

१९८० साली विप्रो काय होती? अमळनेरला १९४५ साली निघालेली वनस्पती तुपाची कंपनी. तूप, साबण, हायड्रॉलिकची थोडी यंत्रसामग्री. संगणकाचा धंदा जेमतेम सुरू व्हायचा होता. त्या साली दहा हजार रुपये म्हणजे साध्या नोकरदाराचा कित्येक महिन्यांचा पगार. तो त्याने तुपाच्या कंपनीत का घालावा, याचे उत्तर त्या संदेशात कधीच नसते. अमळनेरच्या काही घरांत हे शेअर पिढ्यान् पिढ्या राहिले आणि ती घरे गब्बर झाली, हे खरे आहे. पण त्या लोकांनी आलेख पाहून शेअर घेतले नव्हते. गावातली कंपनी, ओळखीचा मालक, म्हणून घेतले आणि ठेवले. त्यांच्या नशिबाचा आता अभ्यासक्रम झाला आहे.

आता हाच शेअर, पण तारीख दुसरी. फेब्रुवारी २०००. संगणक कंपन्यांचे वेड शिगेला पोचले होते आणि विप्रोचा भाव नऊ हजारांच्या वर गेला होता. त्या दिवशी एक शेअर घेतलेल्या माणसाला पुढे सगळे बोनस मिळाले. २००४ मध्ये एकास दोन, २००५ मध्ये एकास एक, २०१० मध्ये तिनास दोन, २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तिनास एक, २०२४ मध्ये पुन्हा एकास एक. हिशेब मांडा, एका शेअरचे ५३ झाले. संदेश पाठवणारे ज्या बोनसच्या आरत्या ओवाळतात तेच हे बोनस. आणि पैसे? २०२५ मध्ये विप्रो अडीचशे रुपयांच्या आगेमागे होती. म्हणजे नऊ हजारांचे पंचवीस वर्षांत साडेतेरा हजारांच्या आसपास. लाभांश वेगळा धरा, तरी बँकेतल्या मुदत ठेवीने या माणसाला हसावे अशी गत. बोनसने संपत्ती वाढत नाही, फक्त शेअरची संख्या वाढते आणि भाव त्याच प्रमाणात खाली येतो, ही साधी गोष्ट या माणसाइतकी कोणाला कळली नसेल. त्याची गोष्ट मात्र दिवाळीला कोणी पाठवत नाही.

जुना भाव वाचायची पहिली अट इथेच आहे. तो आकडा कच्चा आहे की समायोजित, हे आधी विचारा. शेअर बाजार रोज संध्याकाळी जी भावकॉपी काढतो, तिच्यात त्या दिवशी प्रत्यक्ष सौदे झाले तो भाव असतो. मोबाईलवरच्या आलेखात मात्र नंतरचे बोनस आणि विभाजन मागे नेऊन भागाकार केलेला असतो. विप्रोच्या २००० सालच्या नऊ हजारांच्या जागी तिथे १७० च्या आसपासचा आकडा दिसेल. त्या भावात त्या दिवशी एकही सौदा झालेला नाही, तरी तुलनेसाठी तोच आकडा कामाचा. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. एकाचा वापर दुसऱ्याच्या जागी केला की थाप तयार होते, आणि या थापेवर शिबिरे चालतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याचा जाहीर तमाशा झाला. टाटा मोटर्सने व्यापारी वाहनांचा धंदा वेगळा काढला. १३ तारखेला शेअर ६६० च्या घरात बंद झाला होता, १४ ला ४०० वर उघडला. अनेकांच्या ॲपवर लाल अक्षरांत चाळीस टक्के तोटा झळकला आणि गटागटांतून रडारड सुरू झाली. 'काका, मी तर आधीच विकले होते' असे सांगणारे शहाणेही लगेच उगवले. घडले एवढेच होते की प्रत्येक शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळायचा होता आणि त्याची किंमत जुन्या भावातून वजा झाली होती. १२ नोव्हेंबरला तो नवा शेअर बाजारात आला तेव्हा त्याला ३३० च्या वर भाव मिळाला. बेरीज तिसरीतल्या पोरालाही येईल. पण मधले चार आठवडे आलेखावर एक भलामोठा कडा दिसत होता, आणि कड्याखाली उभे राहून 'घसरणीत खरेदीची संधी' विकणारेही होते.

खरा कळस मात्र एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा. मुंबईची ही कंपनी, तिच्याकडे एशियन पेंट्सचे घबाड. एका शेअरमागची मालमत्ता लाखांत, आणि बाजारात नोंदलेला भाव ३ रुपये ५३ पैसे. कारण साधे होते, त्या भावात विकायला कोणी वेडा तयार नव्हता. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी बाजाराने अशा कंपन्यांसाठी खास लिलाव ठेवला आणि भाव एका दिवसात २,३६,२५० झाला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच ओरड, लाखाचे एका दिवसात ६७० कोटी! मी हे वाचून अक्षरशः कपाळावर हात मारला. अरे, लाखभर रुपयांचे शेअर साडेतीन रुपयांना तुम्हाला देणार कोण होते? भाव होता, विक्रेता नव्हता. आलेखाखालच्या त्या ठेंगण्या काड्या, उलाढालीच्या, याचसाठी असतात. त्या जवळजवळ शून्यावर असतील तर वरची रेघ म्हणजे रिकाम्या दुकानाच्या दारावर लावलेली किमतीची पाटी.

येस बँकेचे तर नाव काढले की आमच्याकडे अजून घरोघरी उसासे ऐकू येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास. दोनशेवर आला तेव्हा 'निम्म्यात मिळतोय', शंभरावर आला तेव्हा 'आता आणखी किती पडेल', पन्नासावर आला तेव्हा 'ॲव्हरेज करून टाका'. मार्च २०२० मध्ये त्याने साडेपाच रुपयांचा तळ दाखवला. चारशे हा आकडा त्या लोकांच्या डोक्यात असा रुतून बसला होता, जणू बँकेने तो परत द्यायचे कबूलच केले आहे. मागचा उच्चांक म्हणजे कोणीतरी एके दिवशी तेवढे पैसे मोजले, एवढेच. बँकेची बुडीत कर्जे किती याचा त्या आकड्याला पत्ताही नसतो.

आणि त्या आलेखावर पुढच्याच दोन आठवड्यांत एक विलक्षण सुळका आहे. साडेपाचवरून भाव ऐंशीच्या वर. आलेखशास्त्री त्याला पुनरुज्जीवन म्हणतील, आकृती काढून दाखवतील. वस्तुस्थिती अशी की बँकेसाठी आखलेल्या बचाव योजनेत शंभरहून अधिक शेअर असलेल्यांचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले होते. विकायला बाजारात माल कमी, म्हणून भाव उडाला. हे आलेखावर कुठेही लिहिलेले नसते. कंपनीच्या घोषणांची यादी शेजारी उघडी ठेवून तारखा जुळवल्याशिवाय जुन्या भावांचा तक्ता म्हणजे निव्वळ चित्रकला आहे.

या दुकानदारीतली सगळ्यात मोठी लबाडी मात्र दाखवलेल्या आलेखांत नसते, न दाखवलेल्यांत असते. शिबिरात विप्रो दाखवतात, इन्फोसिस दाखवतात. इन्फोसिसची १९९३ ची विक्री ९५ रुपयांना होती आणि ती पुरती भरलीही नव्हती, हा तपशील सांगताना वक्त्याच्या आवाजात कोण आवेश येतो! म्हणजे तुमच्या बापजाद्यांना अक्कल नव्हती. बरे, मग सेन्सेक्सच्या सुरुवातीच्या तीस कंपन्या घ्या. त्या काळच्या शहाण्यांनी देशातल्या भक्कम म्हणून निवडलेल्या. त्यांत कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, जिच्या पद्मिनीने मुंबईची टॅक्सी ओढली. चंद्रपूरकडची बल्लारपूर इंडस्ट्रीज होती, कागदातले मोठे नाव. दोन्ही पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या. त्यांचे शेअर 'घेऊन विसरून' गेलेल्या माणसाचा आलेख कोणी पडद्यावर लावणार नाही. सत्यमचेही तेच. ७ जानेवारी २००९ ला १७९ वरून चाळीसच्या आसपास आला. आदल्या दिवसापर्यंत त्याचाही जुना भाव होता, सरासरी होती, आधारपातळी होती. जमाखर्च खोटा होता, एवढे सोडून.

लाभांशाचे थोडक्यात आटोपतो. साध्या निर्देशांकात तो धरलेलाच नसतो, म्हणून 'आमच्या योजनेने बाजाराला हरवले' असे सांगणे सोपे होते. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने म्युच्युअल फंडांना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशीच तुलना करायला लावली, ते बरे केले. शिबिरवाल्यांना तो नियम लागू नाही.

म्हणजे जुने भाव फेकून द्यायचे का? मुळीच नाही. त्यांचा एक उपयोग रोखठोक आहे आणि त्यावर एकही शिबिर मी पाहिलेले नाही. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले शेअर आज विकलेत, तर दीर्घकालीन नफ्यावरच्या करासाठी त्या दिवसाचा सर्वोच्च भाव लागतो. तुमचा खरेदीखर्च त्याहून कमी असेल तर त्या भावापर्यंत, पण विक्रीच्या किमतीपेक्षा वर नाही, खर्च वाढवून धरता येतो. आता विप्रोच घ्या. ॲपवर त्या तारखेचा जो भाव दिसेल तो नंतरच्या दोन बोनसनी भागलेला, म्हणजे पावणेतीनपटीच्या आसपास लहान. तो मूळ शेअरांपुढे लिहिलात तर नसलेल्या नफ्यावर कर भराल. तिथे कच्चा भावच हवा, भावकॉपीतला. उलट २०१९ आणि २०२४ चे बोनस शेअर विकलेत तर त्यांचा खर्च शून्य, सगळी विक्री नफ्यात. शेअरचे नुसते विभाजन झाले असेल तर नियम वेगळा, तिथे भागाकार करायचाच. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्यात खरे पैसे वाचतात. मी हे गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गटावर सविस्तर लिहिले. खाली दोन अंगठे आले, आणि त्यानंतर कोणीतरी विप्रोचा संदेश टाकला.